फॉल-पिको करणाऱ्या ताईंची मान: तीन वर्षांचं दुखणं आणि त्यामागची खरी कारणं

सांगलीत माझं छोटंसं फिजिओथेरपीचं क्लिनिक आहे, आणि मान नाहीतर खांदा धरलाय म्हणून कुणी आलं नाही असा दिवस जात नाही. त्यातली ही एक केस पूर्ण लिहून काढतेय, ताईंना विचारूनच, ओळख पटेल असे एक-दोन तपशील तेवढे बदललेत. लिहायचं कारण असं की या बाईंनी तीन वर्षं उपाय करण्यात काही कसूर ठेवली नव्हती, जो जे सांगेल ते केलं, पैसे घातले, वेळ घातला, तरी दुखणं जागचं हललं नाही, आणि शेवटी जे सापडलं ते एक्स-रेत दिसणारं नव्हतंच मुळी.

ताईंचं वय ४६. घरीच शिवणकाम करतात, ब्लाऊज आणि फॉल-पिको. एरवी आठवड्याला दहा-बारा ब्लाऊज, लग्नसराईत आणि गौरी-गणपतीच्या आधी दुप्पट, वर साड्यांचे फॉल वेगळे. नवरा एमआयडीसीत शिफ्टला जातो, मुलगी बारावीला, त्यामुळे क्लासची फी, घरभाडं, सगळ्यात या शिवणकामाच्या पैशाचा मोठा वाटा. हे मुद्दाम सांगतेय कारण "काम बंद करा" हा सल्ला ज्यांनी ज्यांनी दिला त्यांनी हे विचारलंच नव्हतं.

पहिल्या दिवशी त्या आल्या तेव्हा हातात प्लास्टिकची पिशवी, त्यात एक्स-रेचं पाकीट, तीन-चार डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आणि मानेचा पट्टा. म्हणाल्या, "उजवा खांदा कुणीतरी मुठीत आवळून धरल्यागत वाटतंय बघा मॅडम. सकाळी बरं असतंय, अकरा वाजले की भरून यायला लागतंय, संध्याकाळी मागनं कुणी हाक मारली तर मान वळत नाही, अख्खं अंग वळवावं लागतंय." आठवड्यातनं दोन-तीनदा उजवी कानशिलं ठणकायची, त्याला त्या पित्त म्हणत होत्या आणि त्यासाठी सकाळी उपाशीपोटी पित्ताची गोळी वर्षभर चालू होती. मध्येच बोलता बोलता असंही म्हणाल्या की आता पहिल्यासारखं काम होत नाही, सुईत दोरासुद्धा पोरगी ओवून देती. मी ते ऐकलं आणि थकव्याच्या खात्यात टाकून पुढचा प्रश्न विचारला. या एका वाक्याकडे मी परत तीन आठवड्यांनी आले, आणि ते तीन आठवडे वाचले असते याची मला आजही हळहळ वाटते.

आधीचे उपाय ऐकून घेतले. बाम, गरम पाण्याची पिशवी, दुखलं की मेडिकलमधनं डायक्लोफेनॅकची गोळी, कधी आठवड्याला दोन तर सीझनला रोज एक. एका डॉक्टरांनी एक्स-रे काढायला लावला आणि सांगितलं की मणक्यातली गॅप कमी झालीय, नस दबलीय, पट्टा लावा, खाली वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही. पट्टा चार महिने लावला, कामाच्या वेळी काढायचा आणि बाकी वेळ घालायचा असं. मग कुणीतरी सांगितलं म्हणून जवळच्या गावातल्या एका माणसाकडे जाऊन मान मोडून घेतली, कट्कन आवाज आला, दोन दिवस हलकं वाटलं, तिसऱ्या दिवशी आधीपेक्षा जास्त. (हे करू नका, कळकळीने सांगते. मेंदूकडे रक्त नेणाऱ्या दोन रक्तवाहिन्या मानेच्या मणक्यांतल्या भोकांमधून वर जातात, झटका चुकीचा बसला तर त्यांच्या आतल्या थराला चीर जाऊ शकते आणि त्यातून पक्षाघातापर्यंत जाऊ शकतं. न्हाव्याकडे दाढी-कटिंग झाल्यावर मान मोडून घेतात तेही त्यातच आलं.) आणि एकदा पंधरा दिवस माहेरी जाऊन शिवणकाम पूर्ण बंद ठेवलं, तेव्हा दुखणं जवळजवळ गेलं, घरी येऊन मशीनवर बसल्यावर तिसऱ्या दिवशी परत हजर.

शेवटची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली. पंधरा दिवसांत मणक्यातली गॅप वाढत नाही आणि तीन दिवसांत कमीही होत नाही.

तपासणी. सगळ्यात आधी ज्या गोष्टी नसायला हव्यात त्या बघितल्या, कारण मानेच्या दुखण्यात क्वचित एखादी केस गंभीर आजाराची असते आणि ती सुटली तर फार महागात पडतं. ताप, वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारं सतत वाढतं दुखणं, पडल्या-आपटल्याचं काही, चालताना तोल जाणं, हातातनं वस्तू पडणं, ब्लाऊजचे हुक लावताना बोटं नीट न चालणं, लघवीवर ताबा नसणं, यातलं काही नव्हतं. जिना चढताना खांदा-जबडा-छाती दुखते का हेही विचारलं, कारण चढण चढताना येणारं आणि थांबलं की जाणारं दुखणं हृदयाचं असू शकतं, बाम लावून घरी बसायचं नसतं तिथे. तेही नव्हतं. हाताची ताकद दोन्हीकडे सारखी, रिफ्लेक्स सारखे, मान दुखऱ्या बाजूला कलवून वरून हलका दाब दिला तर कळ हातात उतरली नाही. म्हणजे मानेत नस दबल्याची खूण काही मिळाली नाही.

मग "नस दबलीय" आलं कुठून? तर पहाटे उठल्यावर उजव्या हाताचा अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर असायचं, हात झटकला की जायचं, हे त्यांनी आधीच्या डॉक्टरांना सांगितलं होतं आणि एक्स-रेत सी५-सी६ ला, म्हणजे मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्याशी, झीज दिसत होती, दोन्ही जोडून टाकलं गेलं. मी मनगट दुमडून मिनिटभर धरायला लावलं तर चाळीस सेकंदांतच त्याच तीन बोटांना मुंग्या आल्या. नस दबत होती खरी, पण मनगटात. दिवसभर कात्री, सुई आणि कापड धरून ठेवणाऱ्या हातात हे होतं. रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी लावून झोपायला सांगितलं आणि महिनाभरात ते बरंच निवळलं, त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही.

एक्स-रेबद्दल मात्र लिहायला हवं, कारण त्या पाकिटाने ताईंना सगळ्यात जास्त घाबरवलं होतं. "मणका झिजला म्हणजे आता काय, वाढतच जाणार की ओ," असं म्हणताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. २०१५ साली जपानमधल्या संशोधकांनी मानेचा काहीही त्रास नसलेल्या १,२११ लोकांचे एमआरआय काढले, त्यातल्या ८७.६ टक्के लोकांच्या मानेत कुठली ना कुठली गादी फुगलेली दिसली, अगदी विशीतल्या पोरापोरींमध्ये सुद्धा बहुतेकांना. त्रास नसलेल्या लोकांमध्ये हे दिसतं तर ४६ वर्षांच्या बाईच्या एक्स-रेत थोडी झीज दिसली यात नवल काय, केस पिकतात तसंच ते आहे. झिजेने कधीच दुखत नाही असं मी म्हणत नाही, पण नुसता एक्स-रे बघून दुखणं तिथलंच आहे असं ठरवता येत नाही, हाताने तपासावं लागतं, आणि मुख्य म्हणजे पेशंटला काय शब्दात सांगतो ते जपून सांगावं लागतं. मान मोडेल या भीतीने ताईंनी तीन वर्षं भरलेली घागर उचलली नव्हती, पाच किलोची दळणाची पिशवीही पोरगी आणायची. म्हणजे शिवताना खांद्यावर दिवसभर बारीक ताण आणि बाकी वेळ खांद्याला काहीच काम नाही, दोन्हीकडून वाईट.

हाताला काय लागलं ते सांगते. मानेच्या मुळापासून खांद्याच्या टोकापर्यंत जो जाड स्नायू जातो, ट्रॅपिझियस, त्याचा उजवीकडचा वरचा भाग चिमटीत धरला तर आत दोरीसारखा ताठ पट्टा, आणि त्यात एका जागी दाबलं की ताई "हां हां, तेच ते" म्हणून ओरडल्या, आणि दाब तसाच ठेवला तर पाच-सात सेकंदांत कळ कानामागून वर चढून कानशिलात गेली. तेच "पित्त". पुढच्या दोन-तीन वेळा डोकं धरलं तेव्हा पित्ताच्या गोळीऐवजी खांद्यावर शेक द्यायला लावला, बरं वाटलं. (उपाशीपोटी जळजळ होत होती तीही खरी होती, पण तिचा संबंध वेदनाशामक गोळ्यांशी जास्त वाटला, म्हणून त्यांच्या फॅमिली डॉक्टरांना चिठ्ठी लिहून दिली. त्यांनी रक्तही तपासलं, थायरॉईड ठीक, हिमोग्लोबिन ९.६ निघालं, त्याच्या गोळ्या चालू केल्या.) दुसरी जागा खांद्याच्या फऱ्याच्या वरच्या आतल्या कोपऱ्याशी, तिथून मानेच्या वरच्या मणक्यांकडे जाणारा स्नायू असतो, मान एका बाजूला वळत नाही ती बऱ्याचदा त्याच्यामुळे. या गाठींना ट्रिगर पॉइंट म्हणतात. त्या आत नक्की काय असतात यावर तज्ज्ञांत एकमत नाही, पण दाबल्यावर दुसरीकडे कळ जाते हे रोज हाताखाली दिसतं.

पहिले तीन आठवडे मी जे बहुतेक जण करतात तेच केलं. आठवड्याला दोनदा शेक, गाठींवर दाब, स्ट्रेचिंग, घरी करायला मान काखेकडे वळवून ताण द्यायचा व्यायाम. दहापैकी ७ असलेलं दुखणं क्लिनिकमधून बाहेर पडताना ३ वर यायचं आणि तिसऱ्या दिवशी परत ६-७. तीन आठवडे हाच खेळ. मला बरं वाटेना, कारण दर सेशनचे पैसे त्या ब्लाऊजच्या हिशेबात मोजून देत होत्या.

मग मी त्यांच्या घरी गेले. निमित्त होतं, माझ्या एका साडीला फॉल लावायचा होता. म्हणलं द्यायला येते आणि तुम्ही काम करताना बघते.

दहा बाय दहाची खोली, मशीन भिंतीला लावलेलं, ट्यूबलाइट पाठीमागच्या भिंतीवर, म्हणजे बसलं की स्वतःचीच सावली कापडावर. बसायला प्लास्टिकचं बुटकं स्टूल, त्यामुळे कोपर मशीनच्या पाट्याच्या खाली राहायचं आणि हात वर घ्यायला खांदे उचलून धरावे लागायचे, कानाकडे चढलेले, आणि हे त्यांना स्वतःला जाणवत नव्हतं. पण खरं दिसलं ते फॉल लावताना. खाली सतरंजीवर मांडी घालून बसल्या, साडी मांडीवर, काठ डाव्या हातात ताणून धरलेला, उजव्या हातात सुई, आणि मान खाली, खाली, अजून खाली, नाक साडीला लागेल इतकी. काळ्या काठाला काळा दोरा. मी वीत लावून बघितली, डोळा ते सुई एक वीत भरत होती, जेमतेम. अडीच-तीन मीटरचा फॉल, आतली कड बारीक हातटाक्यांनी, पाऊण तास लागतो एकाला, आणि त्या पाऊण तासात मान एकदाही वर आली नाही. दोरा संपला की मागे न बघता म्हणाल्या, "ए पोरी, ओव गं एवढं."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. विचारलं, चष्मा लागलाय का? "नाही ओ, मला लांबचं चांगलं दिसतंय की, रस्त्यापलीकडची पाटी वाचती मी." जवळचं? गप्प झाल्या. चाळिशी ओलांडली की डोळ्यातलं भिंग हळूहळू कडक होतं, जवळचं स्पष्ट दिसेनासं होतं, याला चाळीशीच म्हणतात आपल्याकडे, सगळ्यांना माहितीये. वाचणारा माणूस पेपर लांब धरतो. पण शिवणारी बाई सुई लांब धरू शकत नाही, बारीक टाका दिसण्यासाठी ती वाकून जवळ जाते, धूसर तर धूसर पण मोठं दिसतं म्हणून, आणि आपण वाकतोय ते कामामुळे असंच तिला वाटतं. तीन वर्षांपूर्वी दुखणं सुरू झालं तेव्हा वय ४३. हिशेब जुळत होता. आधीच्या कुणी चष्म्याचं विचारलं नव्हतं, आणि पहिल्या दिवशी त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलेलं असून मीही विचारलं नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात डोळे तपासले, दोन्ही डोळ्यांना जवळचा +१.५ नंबर निघाला. चष्मा लावून फॉल घेतला तेव्हा अंतर दोन वितांच्या आसपास आलं, आपोआप, मी काही न सांगता.

आता वाकण्याचं गणित. माणसाचं डोकं साधारण साडेचार ते साडेपाच किलोचं. पाच किलोची पिठाची पिशवी छातीशी धरून उभं राहा आणि मग हात लांब करून धरा, वजन तेवढंच पण दोन मिनिटांत हात थरथरतील. अमेरिकेतल्या एका मणक्याच्या सर्जनने २०१४ मध्ये गणित मांडून दाखवलं होतं की मान ६० अंशात वाकली तर मानेवरचा भार सुमारे २७ किलोपर्यंत जातो. हा आकडा मोबाइलवर सगळीकडे फिरतो, तो प्रत्यक्ष माणसांवर मोजलेला नाही, गणिती मॉडेलमधला आहे, त्यामुळे मी पेशंटला आकडा सांगून घाबरवत नाही, पण दिशा त्याने बरोबर दाखवलीये.

तरी भार हे अर्धंच कारण. उरलेलं अर्धं मला जास्त महत्त्वाचं वाटतं, आणि ते लोकांना माहीत नसतं. स्नायूमधले तंतू एकदम सगळे कामाला लागत नाहीत. हलकं काम असलं की लहान तंतूंचे गट आधी उठतात, काम वाढलं की मोठे सामील होतात, आणि काम थांबलं की मोठे आधी सुटतात, लहान सगळ्यात शेवटी. म्हणजे सुई धरण्यासारखं अगदी हलकं काम दिवसभर केलं तर त्याच त्याच बारक्या तंतूंना सकाळी पहिल्यांदा उठायचं आणि रात्री सगळ्यात शेवटी टेकायचं. आपल्या घरातल्या सुनेसारखं. १९९१ मध्ये स्वीडनच्या हॅग नावाच्या संशोधकाने हे मांडलं, आणि तिकडच्या गोष्टीतल्या राबणाऱ्या मुलीवरून त्याला सिंड्रेलाचं नाव दिलं. नॉर्वेत पॅकिंगचं काम करणाऱ्या बायकांच्या खांद्याचा ईएमजी, म्हणजे स्नायू किती चालू आहे ते विजेच्या लहरींवरून टिपणारा आलेख, घेतला होता, तर ज्यांच्या स्नायूत मधेमधे अगदी क्षणभराच्या सुट्ट्या दिसत होत्या त्यांना त्रास कमी झाला आणि ज्यांचा स्नायू एकसारखा चालूच राहायचा त्यांना जास्त. सुट्टी म्हणजे तासभराची विश्रांती नव्हे हां, सेकंदाच्या आतबाहेरची. म्हणून "मी कुठे जड काम करते, बसूनच तर असते" असं म्हणणाऱ्या बाईचा खांदा हमाली करणाऱ्यापेक्षा जास्त दुखू शकतो.

मी आधी ताईंना सांगितलं होतं दर अर्ध्या तासाने उठा, मोबाइलला अलार्म लावा. दोन दिवस केलं, तिसऱ्या दिवशी अलार्म बंद. हातात काम असताना अलार्म वाजला की चीड येते, साहजिक आहे. मग फॉल लावताना बघून सुचलं की यांच्या कामातच थांबे आहेत. सुईतला हातभर दोरा चार-पाच मिनिटांत संपतो. दोरा संपला की सुई टोचून ठेवायची, दोन्ही हात मांडीवर सोडून द्यायचे, खांदे खाली पडू द्यायचे, मान वर करून दाराबाहेर बघायचं, दोन श्वास, मग नवा दोरा. आणि मशीनवर असताना बॉबिन संपली की उठायचं, पाणी प्यायचं, बॉबिन उभं राहून भरायची. हे मात्र टिकलं. आजतागायत टिकलंय.

जागेतले बदल स्वस्तातले. मशीन फिरवून ट्यूबलाइट डाव्या बाजूला येईल असं लावलं आणि सुईजवळ एक छोटा एलईडी दिवा. स्टुलावर घट्ट घडी घातलेली जुनी गोधडी, म्हणजे कोपर पाट्याच्या पातळीला आलं, आणि पाय लोंबकळू नयेत म्हणून पायाखाली, मोटरच्या पॅडलसकट, पाट. फॉल लावताना पाठ भिंतीला टेकून बसायचं आणि मांडीवर लोड घेऊन त्यावर साडी, काम वर आलं की मान कमी वाकते. काळ्यावर काळा दोरा असलेलं काम दुपारी दारातल्या उजेडात, रात्री अजिबात नाही. उशा दोन होत्या, एक केली.

दोन आठवड्यांत दुखणं ७ वरून ४ वर आलं आणि तिथेच राहिलं, क्लिनिकमध्ये न दाबता. पण ४ वर अडकलं. कारण इतक्या दिवसांत खांदा कमजोर झालेला. आता खरा व्यायाम.

ताईंचा इथे विरोध होता, "दुखतंय तिथंच वजन उचलायचं?" डेन्मार्कमध्ये या स्नायूच्या दुखण्यावर बरंच काम झालंय. तिथे ट्रॅपिझियस दुखणाऱ्या बायकांचे गट केले, एकाला खांद्याचे वजनाचे व्यायाम, आठवड्यातून तीनदा वीस मिनिटं, दहा आठवडे, दुसऱ्याला नुसती सायकल. वजनवाल्या गटाचं दुखणं ठळकपणे कमी झालं, सायकलवाल्यांना तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. नंतर २०११ च्या त्यांच्याच अभ्यासात ऑफिसात काम करणाऱ्या जवळजवळ २०० लोकांना रबरी पट्ट्याने हात बाजूला उचलायचा एकच व्यायाम दिला, काहींना रोज दोन मिनिटं आणि काहींना बारा, आणि दोन मिनिटंवाल्यांनाही फायदा झाला. हे मी ताईंना असंच सांगितलं, रोज दोन मिनिटं, तेवढी मागते तुमच्याकडून.

अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या पाणी भरून. उभं राहून दोन्ही हात बाजूने खांद्याच्या उंचीपर्यंत, अंगठा किंचित वर, सावकाश वर, त्याहून सावकाश खाली. पहिल्या दिवशी आठ झाले. दुसऱ्या दिवशी खांदा भरून आला आणि फोन, "वाढलं ओ मॅडम." जिन्यावरून खूप चढउतार केल्यावर पोटऱ्या दुखतात तसं हे दुखणं आहे का, विचारलं. तसंच होतं, दीड दिवसात गेलं. नेहमीची आवळल्यासारखी कळ वाढली, कानशिलात चढली किंवा दोन दिवसांनी सुद्धा उतरली नाही तर वजन कमी करायचं, एवढा नियम ठरवला. तिसऱ्या आठवड्यात एक-एक लिटरच्या बाटल्या, म्हणजे एक-एक किलो. खिडकीच्या गजाला रबरी पट्टा बांधून कोपर मागे ओढायचा व्यायाम वाढवला, फऱ्यांमधल्या स्नायूंसाठी, आणि उताणं झोपून हनुवटी गळ्याकडे हलकेच दाबून धरायचा, मानेच्या पुढच्या खोल स्नायूंसाठी. सहाव्या आठवड्यात बाटलीत पाण्याऐवजी वाळू. त्या आठवड्यात गिरणीतनं पाच किलोचं दळण त्या स्वतः घेऊन आल्या आणि मला फोन करून सांगितलं.

आठव्या आठवड्यात लग्नाची ऑर्डर आली, पाच दिवसांत २२ ब्लाऊज, रात्री दीड-दोनपर्यंत जागून. दुखणं सरळ ६ वर. ताई निराश, "गेलं सगळं पाण्यात." मी म्हणलं गेलेलं नाही, पाच दिवस झोप चार तास, व्यायाम बंद, देणेकऱ्याचं टेन्शन, यातलं एकेकटंही खांदा आवळायला पुरतं. झोप कमी झाली की तेवढ्याच ताणाचं जास्त दुखतं, आणि काळजीत माणूस खांदे वर धरून श्वासही वरवर घेतो, मानेचे स्नायू त्या श्वासालाही जुंपले जातात. दोन दिवस शेक, हलकं वजन, आणि नऊ दिवसांत परत ३. आधी असा झटका आला की महिना जायचा.

बाराव्या आठवड्यात दुखणं १ ते २, संध्याकाळी, तेही रोज नाही. मान दोन्हीकडे सारखी वळते. डोकेदुखी महिन्यात एकदा. वेदनाशामक गोळी दोन महिन्यांत एकही नाही. पट्टा पिशवीतच होता, तो त्यांनी मला देऊन टाकला. पूर्ण बरं झालं असं मी लिहिणार नाही, लग्नसराईत थोडं चढतं आणि चढत राहील, काम तेच आहे. चष्म्याचा नंबरही पुढच्या काही वर्षांत वाढेल, दर वर्ष-दोन वर्षांनी डोळे दाखवायला सांगितलंय.

सहा महिन्यांनी ताई शेजारच्या एका बाईंना घेऊन आल्या. त्याही पिको-फॉल करतात, पन्नाशीच्या, मान धरलेली, हातात एक्स-रेचं तसंच मोठं पाकीट, आणि बसायच्या आधीच ते काढून माझ्यापुढे धरायला लागल्या. ताईंनी पाकीट त्यांच्या हातातनं घेऊन बाजूच्या खुर्चीवर ठेवलं आणि विचारलं, "ते ऱ्हाऊ दे ओ आधी. सुईत दोरा कोण ओवतंय तुमच्या?"